डोळे जमले, नाक जमलं, मग आप्पा का दिसत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या एका वारलेल्या आजोबांचा चेहरा आधारकार्डाच्या फोटोवरून चौकटी आखून काढला. डोळे, नाक, ओठ फोटोशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, कुठे चूक दिसली नाही. घरच्यांनी चित्र हातात घेतलं आणि म्हणाले, "हाऊ आप्पा नही वाटस." असं का होतं? आणि चेहरा काढायची शिस्त मुळात शिकायची कुठून?

घरच्यांचं बरोबर आहे, आणि तुमची मेहनतही खोटी नाही. चूक मेहनतीच्या जागेत आहे. ओळखीचा माणूस बांधावरून येत असला तर शंभर पावलांवरून कळतो. तेव्हा त्याच्या पापण्या कुणाला दिसत असतात? दिसतो तो डोक्याचा एकूण आकार, मानेचा कल, खांद्यांवर डोकं कसं बसलंय ते, कपाळाखाली डोळ्यांच्या खोबणींचा अंधार आणि हनुवटीचं टोक. साम्य तिथे असतं. डोळे, नाक, ओठ हे त्या आकारात नंतर येऊन बसतात. नाक अचूक काढलं पण ओठांपासून दोन मिलिमीटर दूर पडलं, तर नाक बरोबर असूनही माणूस दुसरा होतो.

चौकटी नेमकं हेच आपल्या नजरेआड करतात. एका चौकटीत डोळ्याचा कोपरा, दुसरीत नाकपुडी. हात एका वेळी एवढंच बघतो, डोकं म्हणून बघतच नाही. लहान चित्र मोठं करायला चौकटींचा वापर फार जुना आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण त्या चौकटी आधी विचार करून काढलेल्या रेखाटनावर पडायच्या. फोटोवर टाकलेल्या चौकटी फोटोतला प्रत्येक दोष इमानदारीने कागदावर आणतात. टाकायच्याच असतील तर मोठ्या टाका: चेहऱ्याच्या उंचीत चार, रुंदीत तीन. बारीक चौकटींनी नजर आळशी होते.

आता शिस्त कुठून आली ते. लांब जायची गरज नाही, खानदेशच्या उंबरठ्यावरच बरंच काही आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथले चेहरे एखाद्या ठरावीक माणसाचे म्हणून काढलेले नाहीत. ते प्रमाणांवर उभे आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच प्रकार आणि त्यांची मापं दिली आहेत. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकाग्रंथात चित्राची सहा अंगं येतात: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. आपण ज्याला साम्य म्हणतो ते सादृश्य तिथे पाचवं आहे आणि प्रमाण दुसरं. व्यक्तिचित्र काढणाऱ्याने हा क्रम बोर्डावर लिहून ठेवावा इतका तो कामाचा आहे.

ठरावीक माणसाची शबीह, म्हणजे हुबेहूब व्यक्तिचित्र, काढायची परंपरा आपल्याकडे भरात आली ती मुघल दरबारात. अकबराने स्वतः बसून शबीह काढून घेतली आणि सरदारांच्याही काढायला लावल्या, असं ऐन-ए-अकबरीत नोंदलं आहे. जहांगीराने 1613 मध्ये इराणला राजदूत पाठवला तेव्हा बिशनदास नावाचा चित्रकार बरोबर दिला, शाह अब्बासचा चेहरा घेऊन यायला. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याचं ठाणं होतं, आणि तिथे राहणाऱ्या मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या पदरीही चित्रकार होते. त्या काळातलं एक रेखाटन प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावं: 1618 मधला, जहांगीराच्या दरबारातला मरणासन्न इनायतखान. ते आता अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे, पण छायाचित्र सहज मिळतं. लोडाला टेकलेलं हाडं हाडं झालेलं शरीर आणि एका बाजूने दिसणारा चेहरा, सगळं जवळजवळ रेषेवर उभं आहे. मुघल चित्रकार एका बाजूचा चेहरा इतका का काढत, हेही त्यात कळतं. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची कडा एकाच रेषेत मिळते आणि साम्याचा मोठा भाग त्या रेषेत असतो. शिकणाऱ्याने म्हणूनच पहिले वीस-पंचवीस चेहरे बाजूनेच काढावेत. समोरून चेहरा सोपा वाटतो, पण तो सगळ्यात अवघड असतो, कारण नाकाचा उठाव दाखवायला कडाच मिळत नाही.

तिसरा धागा पुन्हा अजिंठ्याहूनच निघतो. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 नंतर वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे मुंबईच्या पहिल्या नामवंत व्यक्तिचित्रकारांत गणले गेले. धुरंधर, हळदणकर, गोपाळ देऊसकर ही पुढची नावं तुम्हाला माहीत असतीलच. या शाळेची रीत साधी होती: आधी प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत माणूस, फोटो सगळ्यात शेवटी. आज उलटं झालंय, सुरुवातच मोबाइलच्या पडद्यावरून होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना तुम्ही वस्तुचित्र केलं असेल. घागरीचा तोल, तिच्या काठाची लंबवर्तुळं, उजेडाची बाजू हे पाहायची सवय तिथे लागलेली असते. चेहऱ्यापाशी आल्यावर ती सवय सोडू नका. डोकं हीसुद्धा एक घागर आहे, तिला समोरची आणि बाजूची अंगं आहेत.

साहित्य फार नको. सरावाला 130 ते 160 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज कागद, अंतिम चित्राला 200 जीएसएमच्या वरचा. एचबी, 2बी, 4बी, 6बी पेन्सिली. कोळशाच्या बारीक कांड्या. पिठासारखा मळता येणारा पुटी रबर. एक साधा खोडरबर. मापाला सायकलचा सरळ स्पोक, आणि उभी रेषा पाहायला दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. कागदाची शेडिंगकांडी पहिले सहा महिने घेऊच नका. तिने चेहरा गुळगुळीत होतो आणि धुरकटतो, खालची चुकलेली रचना झाकली जाते, दुरुस्त होत नाही. पेन्सिल आणि कोळसा यांत निवडायचं तर शिकायला कोळसाच घ्या. फडक्याने झटकला की पुसला जातो, त्यामुळे मोठी चूक कबूल करताना हात आखडत नाही.

बैठकीची जागा आपल्या हवामानाप्रमाणे ठरवावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. दुपारच्या उन्हाचा उजेड अंगणातून उसळून सावल्यांत शिरतो आणि चेहरा सपाट होतो. सकाळी आठ ते दहा ही वेळ धरा. उत्तरेच्या दारापासून हातभर आत, उजेड एका बाजूने आणि थोडा वरून येईल असं बसवा. धाब्याच्या घरात झरोक्याखाली बसवलंत तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि म्हातारा माणूस आजारी दिसतो. रात्री काम असेल तर एकच दिवा, चेहऱ्याच्या एका बाजूला आणि डोक्याच्या वर, साधारण पंचेचाळीस अंशांवर ठेवा. सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण आला की जागा जमली. या उजेडाला रेम्ब्राँट या जुन्या डच चित्रकाराचं नाव आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांनी तर आपल्या घराचं नावच रेम्ब्राँट्स रिट्रीट ठेवलं होतं. त्यांचं दालन पाहायला जाल तेव्हा प्रत्येक चित्रात उजेड कुठून आलाय एवढंच शोधत फिरा.

बसणाऱ्यापासून सहा ते आठ फूट लांब राहा. चार फुटांच्या आत गेलात की नाक मोठं आणि कान लहान दिसू लागतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्या. त्याआधी खुर्चीच्या पायांभोवती आणि बसणाऱ्याच्या पावलांभोवती खडूने खुणा करा, नाहीतर परत बसल्यावर मान दुसरीकडे वळलेली असते आणि तुम्ही नकळत दोन वेगळे चेहरे एकात काढता. तळहाताखाली कोरा कागद ठेवा. घामाचा डाग पडलेल्या जागी पेन्सिल पुढे कधीच सारखी बसत नाही.

दोन तासांच्या बैठकीतली पहिली पंचवीस-तीस मिनिटं डोळ्यांना हात लावायचा नाही. कठीण जातं, पण सगळं चित्र यावरच उभं राहतं.

पंधरा बाय बावीस इंची कागदावर डोकं अठरा-वीस सेंटिमीटर उंच घ्या, म्हणजे खऱ्यापेक्षा थोडं लहान. खऱ्यापेक्षा मोठा चेहरा अंगावर येतो. माथा आणि हनुवटी यांच्या दोन खुणा करा आणि त्या शेवटपर्यंत हलवू नका. स्पोक धरलेला हात कोपरात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, डोक्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजा. कोपर वाकला की प्रत्येक माप वेगळं येतं; मोजूनही चुकतं म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं. मग बाहेरचा आकार सरळ, तुटक रेषांनी घ्या. गोलाई नको. सरळ रेषेचा कल तपासता येतो, गोल रेषेचा येत नाही. त्यानंतर कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या मुळावरून हनुवटीपर्यंत जाणारा मधला अक्ष. बाई कुंकू लावत असेल तर हे काम सोपं होतं. कुंकू, नाकाच्या दोन भोकांमधला पडदा आणि हनुवटीचा मध्य एका ओळीत येतात का पाहा. चेहरा कललेला असेल तर ती ओळही कलते, आणि कुंकू जरा जरी सरकलं तर सगळा चेहरा वाकडा वाटतो. जुन्या बायकांच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असतं, तेही अशा खुणांसारखं वापरा.

पुस्तकातली प्रमाणं इथे ताडून बघायची. डोळे माथा आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर. केसांची सुरुवात ते भुवया, भुवया ते नाकाचा तळ, नाकाचा तळ ते हनुवटी हे तीन भाग साधारण सारखे. दोन डोळ्यांत एका डोळ्याइतकी जागा. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान. ही सरासरी आहे, आणि तुमच्या समोरचा माणूस सरासरीपासून कुठे सुटतो तिथेच तो सापडतो. नव्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे डोळे वर चढवणं. कपाळ आणि माथ्याला जागाच उरत नाही, मुखवटा तयार होतो. दात गेलेल्या म्हाताऱ्याचं वेगळं असतं. नाकाखालचा भाग आखूड होतो, ओठ आत वळतात, हनुवटी पुढे येते, नाकाचं टोक खाली झुकतं, कान लांबतात. तिथे तीन सारखे भाग करायला गेलात तर आप्पांना पन्नाशीतला जबडा चिकटवल्यासारखा दिसेल. तुमच्या चित्रात हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

टोपीबद्दलही. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या डोक्यावर पांढरी टोपी असतेच. ती कपाळावर आडवी रेघ मारून काढली की डोकं टोपीपाशीच कापल्यासारखं होतं. आधी पूर्ण कवटी काढा, मग तिच्यावर टोपी चढवा. टोपीचा काठ सरळ नसतो. तो डोक्याभोवती फिरणारं लंबवर्तुळ असतो आणि कानांच्या वर मागे जातो. पदराचंही असंच. पदर कवटीवर टेकतो तिथे घडी ताणलेली आणि कानामागे सुटलेली असते.

आकार बसला की डोळे बारीक करून बघा. बारीक तपशील पुसले जातात आणि उरतात दोनच गोष्टी: उजेड आणि सावली. सावलीचे सगळे भाग एकच सपाट छटा भरून जोडा. खोबण, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालचा भाग, मान. इथे थांबून दहा फुटांवरून बघा. डोळे नसतानाही माणूस ओळखू आला पाहिजे. आला नाही तर पुढे जाऊ नका, मागे जाऊन मोजा. डोळ्याचा बाहेरचा कोपरा, नाकाचा तळ आणि ओठाचा कोपरा यांचा त्रिकोण माणसावर आणि कागदावर ताडा. बहुतेक वेळा चोर तिथे सापडतो. चित्र आरशात किंवा उलटं धरूनही पाहा.

डोळ्याचं पांढरं कागदाइतकं पांढरं नसतं. वरच्या पापणीची सावली बुबुळावर आणि पांढऱ्यावर पडते; ती न दाखवल्यास माणूस दचकल्यासारखा दिसतो. खालच्या पापणीला जाडी असते आणि तिच्यावर उजेडाची बारीक कड येते. ओठांभोवती रेघ ओढू नका. उजेड वरून असताना वरचा ओठ सावलीत असतो, खालचा उजेडात, आणि खालच्या ओठाखाली पुन्हा सावली. ठळक गडद फक्त दोन ओठांच्या मधल्या फटीत आणि कोपऱ्यांत. दात एकेक करून रेघांनी वेगळे काढले की हसू भयानक होतं. सुरकुती ही रेघ नाही, घडी आहे: तिची एक कड धारदार आणि दुसरी हळूहळू विरघळणारी. दोन्ही कडा सारख्या काढल्या की चेहऱ्यावर तारा बांधल्यासारखं दिसतं. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1514 मध्ये कोळशाने काढलेला आपल्या म्हाताऱ्या आईचा चेहरा यासाठी बघा. तिथे प्रत्येक सुरकुती खालच्या हाडावरून फिरते. आणि त्याच्यानंतरच्या होल्बाइन या जर्मन चित्रकाराची, इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यातली रेखाटनं बघा, किती कमी रेषांत माणूस उभा राहतो ते कळायला. तो चेहऱ्यावर सगळा जीव ओततो आणि कपडे जेमतेम सूचित करतो. आपणही सदऱ्याच्या गुंड्यांवर चेहऱ्याइतकी मेहनत करू नये.

एका गोष्टीवर मी ठाम आहे: रंग उजळवू नका. उन्हात आयुष्य काढलेल्या शेतकऱ्याचा सावळा चेहरा घरच्यांना आवडावा म्हणून गोरा केला की साम्य पहिलं जातं. उलट टोकाला, सगळा चेहरा काळा भरला की सावली आणि त्वचेचा रंग एक होतात. आधी संपूर्ण चेहऱ्यावर एक मध्यम छटा द्या, सावली त्याहून गडद, आणि उजेड पुटी रबराने उचला. सावळ्या त्वचेवरचा उजेड लहान आणि तीक्ष्ण असतो, विशेषतः गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर. सरावाला खाकी कागद आणि पांढरा खडू उत्तम. अंतिम चित्राला तो कागद नको, काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो.

आता तुमच्या आप्पांच्या फोटोचं. आधारकार्डाचा फोटो समोरून आणि सपाट उजेडात काढलेला असतो. त्यात सावली नाही, म्हणजे हाडांची माहितीच नाही. मोबाइलवर फोटो साफ करून देणारी अ‍ॅप वापरू नका. ती नसलेली माहिती मनाने भरतात आणि डोळे भलत्याच माणसाचे करतात. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगलेलं असतं. अंत्यदर्शनाच्या वेळचा फोटो आकारासाठी घेऊ नका. आडवं झाल्यावर गाल कानांकडे ओघळतात. त्याऐवजी घरच्यांना लग्नाच्या गर्दीतले, शेतातले, रेशनकार्डावरचे असतील ते सगळे फोटो काढायला लावा, धूसर असले तरी चालतील. धूसर फोटोतून मानेचा कल आणि खांदे मिळतात. मुलगा किंवा भाऊ आप्पांच्या तोंडवळ्याचा असेल तर त्याला उजेडात बसवून गालाचं हाड, कान आणि जबडा यांचा अभ्यास करा, मात्र अंतरं फोटोतलीच घ्या. आणि सावलीचा टप्पा झाला की, डोळे भरायच्या आधी, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला चित्र दहा फुटांवरून दाखवा. "काय चुकलं" असं विचारू नका, कुणालाच सांगता येत नाही. "जाड वाटतात का, हनुवटी लांब वाटते का, मान खाली घालून बसायचे का" असं एकेक विचारा. पूर्ण झालेल्या चित्रात माणूस दुरुस्ती सांगायला संकोचतो. अर्ध्या चित्रात मोकळेपणाने सांगतो.

शेवटी फ्रेम. कोळशावर फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) एक फुटावरून, मोकळ्या हवेत, दोन-तीन हलके थर, प्रत्येक थर वाळू देऊन. स्वस्त म्हणून केसांचा स्प्रे मारतात, त्याने कागद पिवळा पडू शकतो. चित्र आणि काच यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. कोळसा काचेला लागला की पावसाळ्यातल्या दमटपणात चिकटतो आणि काच काढताना नाक-डोळे काचेवर जातात. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल मागच्या पुठ्ठ्यात शिरणार नाही. तिथीला काचेवर हळद-कुंकू लागणार आणि हार चढणार हे धरून चाला. हारासाठी भिंतीत वेगळा खिळा मारून द्या आणि काच कोरड्या फडक्यानेच पुसायची हे घरच्यांना सांगून ठेवा, कारण ओल्या फडक्याचं पाणी फ्रेमच्या खालच्या खाचेतून थेट कागदाला पोचतं.